वेष्टनावर नसलेले दूध

दुपारी पावणेतीनच्या सुमारास तक्रार कक्षाने एक फोन माझ्याकडे जोडून दिला. पलीकडच्या बाईंचा आवाज अतिशय शांत होता आणि त्या शांतपणामुळेच मी हातातले काम बाजूला ठेवले. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी होती. आमची साधी बिस्किटे ती दोन वर्षे खात आली होती, कारण त्यांच्या घटकांच्या यादीत दूध नव्हते. आदल्या संध्याकाळी तिने नव्या पाकिटातली दोन बिस्किटे खाल्ली आणि दहा मिनिटांच्या आत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेताना घरघर सुरू झाली. घरात ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन होते, ते आईने लगेच दिले. अशी प्रतिक्रिया ओसरल्यासारखी वाटली तरी काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून डॉक्टरांनी मुलीला रात्रभर देखरेखीखाली ठेवले होते, आणि आता ती घरी आली होती.

त्यांनी भरपाईचा शब्दही काढला नाही. ‘‘पाकीट माझ्यासमोर आहे. तुम्हाला काय वाचून दाखवू?’’ एवढेच त्यांनी विचारले. मी बॅच क्रमांक वाचायला सांगितला. आमच्या कारखान्यात क्रमांकातले पहिले अक्षर उत्पादनाचे असते, त्यापुढे तारीख, लाइन आणि छपाईची वेळ. त्यांनी वाचलेले पहिले अक्षर साध्या बिस्किटाचे नव्हते, ते दुधाच्या बिस्किटाचे होते. मी त्यांना पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचे नाव पुन्हा वाचायला लावले. नाव साध्या बिस्किटाचेच होते. वेळ रात्री 11 वाजून 18 मिनिटे.

त्या क्षणी माझ्या मनात शंका उरली नव्हती, तरी गुणवत्ता विभागात शंका नसणे पुरेसे ठरत नाही. मी बाईंना उरलेली बिस्किटे पाकिटासह बंद पिशवीत जपून ठेवायला सांगितले, मुलीच्या प्रकृतीची नोंद घेतली, आणि कारण काहीही निघाले तरी ते मी स्वतः कळवीन असा शब्द दिला. मग गोदामाला फोन करून त्या तारखेचा त्या लाइनचा सगळा माल, दोन्ही उत्पादनांचा, जागच्या जागी थांबवला.

दोन्ही बिस्किटे आकाराने सारखी होती आणि एकाच लाइनवर होत होती. आधी दूध नसलेले साधे बिस्किट, मग दूध असलेले, आणि त्यानंतर यंत्रांची पूर्ण धुलाई, असा क्रम ठरलेला होता. ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा घटक, असलेला माल शेवटी घेतला की आधीच्या मालात त्याचा अंश मिसळत नाही, आणि हा क्रम आम्ही कधी मोडला नव्हता. धोका पिठात किंवा भट्टीत असेल असे धरून आम्ही चालत होतो आणि तिकडे आमची नजर पक्की होती. वेष्टनाच्या रिळाकडे मात्र आम्ही पॅकिंगचे सामान म्हणून पाहत होतो. वास्तविक ॲलर्जी असलेल्या माणसासाठी वेष्टनावरचा मजकूर हाच त्या खाद्यपदार्थाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो. न कळवलेल्या ॲलर्जनमुळे बाजारातून माल परत का मागवावा लागतो याची कारणे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासली, तेव्हा चुकीचे वेष्टन किंवा लेबल वापरले जाणे हेच सर्वांत जास्त वेळा आढळले होते, आणि बेकरीचे पदार्थ व दूध ही दोन्ही नावे त्या तपासणीत ठळकपणे पुढे आली होती. हे मी प्रशिक्षणात इतरांना शिकवत असे.

राखीव नमुने काढले. प्रत्येक शिफ्टच्या आरंभी एक आणि अखेरीस एक अशी दोन पाकिटे आम्ही ठेवत होतो, आणि ती दोन्ही निर्दोष निघाली. आत दुधाचे बिस्किट आणि बाहेर दुधाच्या बिस्किटाचेच वेष्टन. चूक झाली होती ती मधल्या वेळात, आणि मधल्या वेळाचा आमच्याकडे एकही नमुना नव्हता. शेवटी गोदामात थांबवलेल्या मालातल्या पेट्या वेळेच्या क्रमाने उघडायला सुरुवात केली. अकरा वाजेपर्यंतच्या पेट्या बरोबर होत्या. त्यापुढची पेटी उघडली, तर वरच्या थरात दुधाच्या बिस्किटाची पाकिटे आणि खालच्या थरात साध्या बिस्किटाची. दोन्हींची पार्श्वभूमी निळी, अक्षरांची ठेवण सारखी, फक्त नावाखालची पट्टी वेगळ्या रंगाची. एका हाताच्या अंतरावरूनही फरक पटकन लक्षात येत नव्हता, मग मिनिटाला शेकडो पाकिटे सरकणाऱ्या पट्ट्यावर तो कोणाला दिसणार होता?

उत्पादन प्रमुखांचे म्हणणे होते की आत साधेच बिस्किट असेल आणि छपाईयंत्रावर बॅचचे अक्षर चुकीचे राहिले असेल. ही शक्यता अगदीच फेटाळण्यासारखी नव्हती, त्यामुळे चाचणी करणे भाग होते. बिस्किटाचा चुरा द्रावणात मिसळून त्यात चाचणीची पट्टी बुडवायची आणि दहा मिनिटे थांबायचे. नियंत्रणाची रेघ उमटली तर पट्टी चालू आहे, तिच्या शेजारी दुसरी रेघ उमटली तर दुधाचे प्रथिन आहे. आमच्या पट्टीवर नियंत्रणाची रेघ स्वच्छ उमटली आणि दुसरी उमटलीच नाही. खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो मला आजही ऐकू येतो, कारण क्षणभर त्यात माझाही होता.

पण ही पट्टी अंश शोधण्यासाठी असते. दुधाचे प्रथिन अगदी थोडे असेल तर पट्टीवरचे रंगीत कण त्याला एका बाजूने पकडतात, रेघेवरची प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू) दुसऱ्या बाजूने पकडतात, आणि रंगाची रेघ दिसते. प्रथिन अतोनात असेल तर मात्र रंगीत कणही त्याने भरून जातात आणि रेघेवरच्या जागाही मोकळ्या प्रथिनाने अडतात. दोघांना जोडणारा दुवाच राहत नाही आणि रेघ उमटत नाही. म्हणजे दूध भरपूर असल्यामुळेच ‘दूध नाही’ असे उत्तर मिळू शकते. मी तेच द्रावण शंभरपट पातळ केले आणि नवी पट्टी बुडवली. या वेळी दुसरी रेघ तिसऱ्याच मिनिटाला दिसू लागली आणि दहाव्या मिनिटाला नियंत्रणाच्या रेघेइतकी गडद झाली. कोणी काही बोलले नाही. ज्यांच्याकडे अशा पट्ट्या वापरल्या जातात त्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते: उघड उघड दूध घातलेल्या मालावर ही चाचणी करायची असेल, तर पातळ केलेला नमुना सोबत तपासल्याशिवाय नकारार्थी निकालावर विसंबू नये.

संध्याकाळी साडेपाचला बैठक बसली. त्या बैठकीत एक वाक्य चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेळा उच्चारले: ‘‘माल तर चांगलाच आहे.’’ हे वाक्य खोटे नव्हते आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड होते. बुरशी नव्हती, जंतू नव्हते, काचेचा तुकडा नव्हता. उत्तम भाजलेले बिस्किट होते, फक्त बाहेरचा कागद चुकला होता. त्यामुळे हा प्रकार कागदपत्रांतल्या चुकीसारखा वाटत होता आणि तो दुकानांत नवे स्टिकर पाठवून मिटेल अशी सूचनाही पुढे आली.

मी फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या पाककृतीत तयार बिस्किटाच्या वजनाच्या सुमारे 3 टक्के दूध पावडर होती. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत प्रथिन साधारण 35 टक्के असते, म्हणजे बिस्किटात प्रथिन सुमारे 1 टक्का. एक बिस्किट 5 ग्रॅमचे, म्हणजे त्यात सुमारे 50 मिलिग्रॅम दुधाचे प्रथिन. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने दुधासाठी जी संदर्भमात्रा, म्हणजे ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना जिच्यापर्यंत त्रास होत नाही अशी मात्रा, सुचवली आहे, ती एका वेळच्या खाण्यात 2 मिलिग्रॅम प्रथिनाची आहे. म्हणजे एका बिस्किटात तिच्या पंचवीसपट, आणि त्या मुलीने दोन खाल्ली होती.

यावर एकाने विचारले की भाजलेले दूध तर ॲलर्जी असलेल्या अनेक मुलांना चालते ना? प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. चांगले भाजलेले दूध अशा बऱ्याच मुलांना खरोखर सोसते. पण दुधातले केसिन हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, आणि ज्यांना भाजलेले दूधसुद्धा सोसत नाही त्यांचीच ॲलर्जी बहुधा अधिक चिवट आणि अधिक तीव्र असते. आपले पाकीट नेमके अशाच घरात विश्वासाने उचलले जाते, कारण त्यावर दूध लिहिलेले नाही. हे सांगताना माझा आवाज चढला होता. त्याबद्दल नंतर मला कोणी बोलले नाही.

माल परत मागवायचा हे ठरले आणि अन्नसुरक्षा यंत्रणेला त्याच रात्री लेखी कळवले. त्यानंतरचा वाद, किती माल परत मागवायचा, हा अधिक लांबला. रिळाच्या नोंदीवरून चुकीचे वेष्टन साधारण पस्तीस मिनिटे चालले असावे असे दिसत होते, आणि तेवढ्याच वेळेची पाकिटे मागवावीत असे विक्री विभागाला वाटत होते. पण त्या नोंदी हाताने, बऱ्याचशा शिफ्टच्या अखेरीस आठवून भरलेल्या होत्या. वापरलेल्या वेष्टनातून किती पाकिटे व्हायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती झाली, हा ताळा मी दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो जुळला नाही. चुकीच्या नोंदीवर बेतलेली अचूक वेळ ही अचूक नसतेच. आज थोडा माल मागवून चार दिवसांनी ‘आणखी बॅच वाढवत आहोत’ असे सांगावे लागले, तर मधल्या चार दिवसांत आपल्या पहिल्या सूचनेवर भरवसा ठेवून कोणीतरी दुसरे पाकीट उघडलेले असते. अखेरीस लाइन दुधाच्या बिस्किटावर वळवल्यापासून धुलाईपर्यंतची सगळी पाकिटे, वर कुठलेही नाव असो, परत मागवायची असा निर्णय झाला. हा निर्णय घेणाऱ्या आमच्या साहेबांविषयी मला त्या दिवसापासून खरा आदर वाटतो, कारण नुकसान किती होणार हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक होते.

सूचनेचा पहिला मसुदा वाचून मी अस्वस्थ झाले. ‘गुणवत्तेविषयीच्या आमच्या बांधिलकीस अनुसरून, खबरदारीचा उपाय म्हणून, काही मोजक्या पाकिटांमध्ये दुधाचे अंश असण्याची शक्यता लक्षात घेता’ असे ते वाक्य होते आणि ते पुढे बरेच लांब जात होते. अंश नव्हते आणि शक्यताही नव्हती. रात्री अकरा वाजता आम्ही ते असे केले: ‘या पाकिटातील बिस्किटांमध्ये दूध आहे. ते वेष्टनावर लिहिलेले नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी ही बिस्किटे खाऊ नयेत, त्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो.’ त्याखाली पाकिटाचे छायाचित्र, बॅच क्रमांक पाकिटावर कुठे सापडेल हे दाखवणारा बाण, काय करायचे ते आणि फोन नंबर. कंपनीची दिलगिरी शेवटच्या ओळीत गेली. ज्याला ॲलर्जी आहे तो सूचनेत सर्वांत आधी ॲलर्जनचे नाव शोधतो, आणि ते पहिल्या ओळीत सापडले नाही तर पुढचे वाचेलच असे नाही.

पुढचे तीन दिवस मी फोनवर बसले. कोणी ते सांगितले नव्हते, पण सूचना लोकांना कशी समजते हे ऐकल्याशिवाय ती बरोबर आहे की नाही हे मला कळणार नव्हते. पहिल्याच दिवशी एक मोठा दोष उघड झाला. एका आजींनी विचारले, ‘‘अहो, मी तर आणल्या आणल्या बिस्किटे डब्यात काढून ठेवते आणि कागद टाकून देते. आता हा तुमचा नंबर कुठे बघू?’’ त्यांच्याकडे सुट्टीत येणाऱ्या नातवाला दुधाची ॲलर्जी होती. आमची सगळी सूचना बॅच क्रमांकावर उभी होती, आणि पैसे परत मिळण्यासाठी पाकीट दाखवण्याची अटही होती. पाकीट फेकून दिलेल्या माणसाला आम्ही काहीच सांगितले नव्हते. मी त्यांना डबा रिकामा करून साबणाने धुवायला सांगितले आणि दुपारी साहेबांकडे गेले. संध्याकाळपर्यंत सूचनेत एक ओळ वाढली: ‘वेष्टन नसेल आणि बिस्किटे कोणत्या बॅचची हे सांगता येत नसेल, तर ती खाऊ नका. पैसे परत मिळण्यासाठी वेष्टनाची गरज नाही.’

दुसरा एक गैरसमज वारंवार कानावर येत होता. अनेकजण म्हणत, ‘‘आमच्याकडे दूध पचत नाही, पण थोडे चालते.’’ दुधातली साखर न पचणे आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी या अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पोट बिघडते, दुसरीत श्वास अडू शकतो. मी प्रत्येकाला डॉक्टरांनी नेमके काय सांगितले आहे ते विचारत होते, आणि ज्यांना नक्की सांगता येत नव्हते त्यांना बिस्किटे टाकून द्यायला सांगत होते.

घाऊक विक्रेत्यांकडचा माल परत आणण्याचे काम सरळ नव्हते. माल कोणाकडून आला आणि कोणाला दिला, एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे, एवढी नोंद प्रत्येकाने ठेवायची असते. आमचे पुढचे पाऊल घाऊक विक्रेत्यापाशी संपत होते. तो पेट्या फोडून किरकोळ दुकानांना सुटी पाकिटे देत होता, आणि तिथून पुढे कोणते पाकीट कुठे गेले हे त्याच्या वहीतही नव्हते. ‘सूचना मिळाली का?’ या आमच्या प्रश्नाला सगळीकडून ‘हो’ असे उत्तर येत होते. प्रश्न बदलून आम्ही ‘आता तुमच्याकडे किती पाकिटे आहेत आणि ती कुठे ठेवली आहेत?’ असे विचारू लागलो, तेव्हा कळले की सूचना मिळालेल्या काही ठिकाणी पाकिटे अजून विक्रीच्या फळीवरच होती. तिथे आमची माणसे स्वतः गेली. परत आलेला माल मोजला, नोंदवला आणि यंत्रणेच्या प्रतिनिधीसमोर नष्ट केला. नवे स्टिकर लावून तो वाचवता आला असता, पण पाकीटन्‌पाकीट पुन्हा हाताळताना एकही सुटणार नाही अशी खात्री मला देता आली नाही. विकलेल्या मालापैकी निम्म्याहून थोडा अधिक परत आला. उरलेला खाल्ला गेला होता किंवा फेकला गेला होता, आणि त्यातला किती कोणी खाल्ला हे कधीच समजणार नाही.

मूळ कारण शोधायला दोन आठवडे लागले. साध्या बिस्किटाचे अर्धे वापरलेले रीळ शिफ्टच्या गडबडीत दुधाच्या बिस्किटाच्या रिळांच्या मांडणीत ठेवले गेले होते. चालू रीळ संपल्यावर मदतनिसाने तेच उचलून जोडले. वेष्टनावरची पट्टीसंज्ञा (बारकोड) वाचून चुकीचे वेष्टन येताच लाइन थांबवणारे उपकरण आमच्याकडे होते, पण रिळाच्या प्रत्येक जोडापाशी ते विनाकारण लाइन थांबवते म्हणून काही महिन्यांपूर्वी बंद ठेवले गेले होते. ते बंद आहे हे पॅकिंगमधल्या बहुतेकांना माहीत होते आणि गुणवत्ता विभागाला, म्हणजे मला, माहीत नव्हते. मदतनिसावर कारवाई करावी अशी सूचना आली, तिला मी लेखी विरोध केला. त्याच्या हातात दोन जवळजवळ सारखी रिळे देऊन आम्ही त्याच्या डोळ्यांवर एका मुलीचा जीव सोपवला होता.

त्यानंतर दोन्ही वेष्टनांचे रंग पूर्ण वेगळे केले, उपकरण दुरुस्त करून त्याची किल्ली गुणवत्ता विभागाकडे घेतली, अर्धे रीळ बंद पेटीतच परत जाईल अशी सोय केली, आणि प्रत्येक रीळ बदलल्यावर एक राखीव नमुना काढायला सुरुवात केली.

बाईंना दिलेला शब्द बाकी होता. कारण समजल्यावर मी त्यांना फोन केला आणि रीळ, बंद ठेवलेले उपकरण, सारखे रंग, काहीही न लपवता सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तुमची आणखी दोन बिस्किटे ती खाते. त्यांच्यावर जे लिहिले आहे ते खरे आहे का?’’ मी ‘हो’ म्हणणार होते. पण महिनाभरापूर्वी याच बिस्किटाबद्दलही मी ‘हो’च म्हटले असते. मी त्यांच्याकडे वेळ मागितला.

अकरा दिवस आम्ही प्रत्येक उत्पादनाची पाककृती, प्रत्येक पुरवठादाराचे घटकपत्रक आणि छापलेले लेबल शेजारी शेजारी ठेवून तपासत होतो. संमिश्र घटक, म्हणजे जे स्वतःच अनेक घटकांचे बनलेले असतात ते, हीच सर्वांत फसवी जागा असते. 2014 च्या अखेरीस अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत न कळवलेले शेंगदाण्याचे प्रथिन सापडले होते, आणि ते जिरे ज्यात ज्यात गेले होते अशी शेकडो उत्पादने पुढचे काही महिने परत मागवावी लागली होती. ती आठवण मनात ठेवून मी पुरवठादारांना नव्याने लेखी विचारले. एका सुगंधी मिश्रणात वाहक म्हणून, म्हणजे सुगंध धरून ठेवण्यासाठी, सोयाचा घटक नुकताच आला होता आणि आमच्या एका लेबलवर तो नव्हता. ते उत्पादन अजून बाजारात गेले नव्हते. लेबल थांबवले.

बाराव्या दिवशी मी पुन्हा फोन केला. बाईंनी दोन्ही पाकिटे समोर घेतली आणि घटकांची यादी मोठ्याने, सावकाश वाचायला सुरुवात केली, आणि मी माझ्यासमोरच्या पाककृतीवर एकेका शब्दापुढे खूण करत गेले.